बसाक पाट नाय म्हणान

आत्याला काही कळत नाही, असं तिच्या भाच्याने मला वॉर्डच्या दारातच सांगितलं. मला आधी राग आला तो त्या वाक्याचा. कळत नाही म्हणजे काय? ऐकू येत नाही, की ऐकू येतं पण समजत नाही, की समजतं आणि सांगता येत नाही? आत्या धडधाकट असती तर यातलं नक्की कुठलं ते ठरवून ये म्हणून तिने त्याला तळमजल्यापर्यंत खाली पाठवलं असतं आणि मग पुन्हा वर बोलावलं असतं.

तो बिचारा पार थकून गेला होता. बोरिवलीहून परळला रोजच्या खेपा, बँकेतली नोकरी, वर दोन लहान मुलं. आत्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकून तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डोळे उघडे असायचे, पण ते कोणाकडे बघतायत याचा पत्ता लागत नसे. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, साधी सूचना पाळता आली तर तिला इथेच ठेवून बोलायला-चालायला शिकवता येईल, पुष्कळ आशा आहे. सूचनाच कळत नसेल तर मग नुसती सेवा, ती कुठेही होते. त्याने गाडी ठरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला गावी, मालवणकडे नेणार होता. तिथे त्याचे आईवडील होते, पण शिकवणारं कोणी नव्हतं.

"इथे ठेवून उपयोग काय, तुम्हीच सांगा ताई," तो म्हणाला. "सगळ्यांनी हाका मारून झाल्या. ती आत नाहीच आहे हो."

भेटायची वेळ संपायला अजून अवकाश होता. मी स्टूल ओढलं आणि तिच्या डाव्या अंगाला बसले.

खरं म्हणजे ती आत्या एकट्या त्याचीच. ऑफिसातल्या आम्ही सगळ्यांनी ती फुकटात वापरली. लालबागला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली मसाले कुटायची गिरणी, वर आम्ही. मिरची कांडायला घेतली की अख्ख्या ऑफिसला एकदमच शिंका. लोकांना इंटरनेटवर आपापली कामं चालवायला छोटे सर्व्हर भाड्याने द्यायचे, हा आमचा धंदा. आत्या तिथली सगळ्यात जुनी. तिचं पद काय ते कोणालाच माहीत नव्हतं. साहेब तिला घाबरतात, एवढ्यावरून आम्ही काय तो अंदाज बांधला होता.

बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवर पुरुषी स्वेटर. खुर्चीत मांडी घालून बसायची. काम चालू असताना उजव्या हातात चहाचा ग्लास कायम, रिकामा झाला तरी खाली ठेवायची नाही. साहेब माळकरी, आणि डब्यात बांगडा असेल त्या दिवशी आत्या हटकून त्यांच्या केबिनच्या दाराशीच डबा उघडायची. साहेबांनी कधी ब्र काढला नाही. एकदा फक्त उदबत्ती लावली, तर तिने तीही मागून घेतली आणि सर्व्हरच्या खोलीबाहेर खोचली. म्हणाली, धूर आत जाता कामा नये.

माझी मुलाखत तिनेच घेतली. सर्टिफिकिटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, "शेजारच्या खोलीचं दार आतून बंद आहे. उघडत नाही. काय करशील?"

मी म्हटलं, "तोडीन."

"हाक नाय मारूचंस गो आधी?" ती म्हणाली. मग साहेबांकडे वळून, "घ्या हिला. निदान खोटं बोलत नाही."

नेहमी ती आमच्यासारखंच बोलायची. रागावली, नाहीतर मनापासून काही वाटलं, की मालवणी सुटायची. आम्ही त्यावरून हवामान ओळखायचो.

आमच्या सर्व्हरांचं गणित तिने मला समजावलं ते चाळीवरून, कारण तिला दुसरं काही उदाहरणच येत नसे. एक मोठा लिनक्स सर्व्हर म्हणजे चाळ. त्यातले कंटेनर म्हणजे खोल्या. पाया एक, टाकी एक, पण प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं आणि दार वेगळं. तुम्ही लॉगिन करून एखाद्या खोलीत शिरलात की ती खोली तुम्हाला बसायला पाट देते. त्या पाटाला म्हणायचं टर्मिनल. पाटावर बसलात की बोलणं सुरू. तुम्ही सांगायचं, आतून उत्तर यायचं. आणि कधीकधी खोलीत पाटच सापडत नाही. मग ती तुम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवते. अडाणी माणसाला वाटतं, खोली बंद पडली. आत तर सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. अशा वेळी गॅलरीतून, म्हणजे मोठ्या सर्व्हरवरून, आत एकेक निरोप टाकता येतो. गप्पा होत नाहीत, पण सांगितलेलं काम होतं.

"चालत नाही" हे शब्द तिच्यासमोर उच्चारायला बंदी होती. कोणी चुकून बोललंच, तर लगेच शिक्षा. तीन जिने उतरायचे, चढायचे आणि त्या चढउतारात नक्की काय होत नाही ते ठरवून यायचं. लिफ्ट वापरायची नाही. गंमत म्हणजे अर्धी माणसं उत्तरच घेऊन वर यायची. साहेबसुद्धा एकदा प्रिंटरच्या तक्रारीवरून जिने उतरून आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि तिचे ते ठोके. आत्या स्वतः टाइप करत नसे. एकाने कीबोर्डवर बसायचं, काय करणार आहे ते मोठ्याने वाचायचं आणि एंटरच्या आधी थांबायचं. आत्या बाजूला बसून डाव्या हाताच्या आंगठीने टेबलावर ठोकायची. एक ठोका म्हणजे मार. दोन ठोके म्हणजे थांब. तोंडाने हो-नाही कधीच नाही. नवीन मुलांना हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा. मलाही वाटला होता, म्हणून मी एकदा तिला विचारलं. तिचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजाने त्यांचे कान तरुणपणीच गेले. घरात हाक मारून उपयोग नसे, म्हणून ही पोरं जेवताना पाटावर नाहीतर भिंतीच्या फळीवर ठोकायची. तो हादरा त्यांना हाताला लागायचा. एक ठोका, हो. दोन, नको. "बाबा शेवटी शेवटी बोलायचेच नाहीत," ती म्हणाली. "पण घरातला एक निर्णय त्यांना विचारल्याशिवाय झाला नाही." एवढं बोलून तिने मला कामाला हाकललं.

ही सवय तिच्या इतकी अंगात भिनली होती की कामाबाहेरही हात चालायचा. आमच्यातल्या मंगेशने एकदा जेवताना सांगितलं, बदलापूरच्या पुढे फ्लॅट बुक करतोय. आत्या बांगडा खात होती. डावा हात आपसूक उठला आणि टेबलावर दोन ठोके पडले. मंगेशने हसण्यावारी नेलं. पुढे तो बिल्डर पळाला, तेव्हा आठवडाभर तो तिच्याशी बोलत नव्हता.

हाच मंगेश त्या खंडेनवमीच्या प्रकरणातला नायक. आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू, पेढे. घरात शस्त्रं घासूनपुसून मांडतात, तशी आदल्या दिवशी सगळ्या सर्व्हरांची साफसफाई करायची आमची प्रथा होती. जुन्या फाइली काढायच्या, नवे अपडेट घालायचे. आत्याला ही प्रथा बिलकूल पसंत नव्हती. "पूजेला हात जोडा, हात घालू नका," असं ती दरवर्षी बजावायची आणि दरवर्षी कोणी ऐकायचं नाही. मंगेश तर भाविक. त्याने एकेक कंटेनर लखलखीत केला.

आरती झाली, पेढे वाटले आणि फोन वाजला. ठाकूरद्वारच्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबचा मॅनेजर. त्यांचं सॉफ्टवेअर फार जुनं, काळ्या पडद्यावर चालणारं, टर्मिनलशिवाय उघडायचंच नाही. ते आमच्या एका कंटेनरमध्ये होतं. मॅनेजर म्हणाला, आमची ऑपरेटर जेवून परत आली, लॉगिन करते आणि लगेच बाहेर फेकली जाते. मंगेशने मोठ्या सर्व्हरवरून त्या खोलीत शिरून पाहिलं. तोही उंबऱ्यावरूनच परत. पडद्यावर एक ओळ आली, टर्मिनल उघडता येत नाही, तशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.

एवढ्याने कोणी घाबरलं नसतं. पण त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. दिवसभराचे रिपोर्ट ते मेमरीतच धरून ठेवायचं आणि संध्याकाळी ऑपरेटरने सांगितलं की मगच डिस्कवर लिहायचं. म्हणजे कंटेनर बंद करून चालू केला, की सकाळपासूनचे सगळे रिपोर्ट पुसले जाणार. आणि त्यात एका बाईंचा रिपोर्ट होता, ज्यांना हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलाशी नेऊन ठेवलं होतं. रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर सुरुवात करेनात.

साहेब केबिनमधून बाहेर आले. कपाळावर कुंकू तसंच. "काय ते पटकन करा. रीस्टार्ट करा ना, दोन मिनिटांचं काम."

मंगेशने टाइप केलं. घाम फुटला होता तरी सवयीने मोठ्याने वाचलं, "कंटेनर रीस्टार्ट करतोय."

आत्याने दोन ठोके मारले.

"तू मार रे," साहेब म्हणाले. "त्यांचं पुन्हा रक्त घेतील. असंच ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं."

मंगेशचं बोट एंटरवर. त्याने एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. पगार देणारे साहेब. बोट खाली जाणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात आत्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. काम चालू असताना तो खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तिने मंगेशच्या हाताखालून कीबोर्ड वायरसकट उपसून घेतला. हळदकुंकू सगळं तिच्या साडीवर.

"बसाक पाट नाय म्हणान घर रिकामा नसता," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "माणसां आत आसत. आधी हाक मारा."

मग तिने कीबोर्ड माझ्या मांडीवर ठेवला. "तू बस. एका वेळी एकच सांग. उत्तर येईपर्यंत दुसरं सांगू नको. उशीर लागला तरी थांब."

मी वाचलं, "आत कोण कोण काम करतंय ते सांग." एक ठोका. एंटर. पडद्यावर काहीच नाही. साहेबांनी सुस्कारा टाकला, मंगेश पुटपुटला, मेलंय ते. आत्या हलली नाही. आणि मग ओळी उतरू लागल्या, एकेक. त्यात लॅबचं सॉफ्टवेअर होतं, जिवंत, सकाळपासूनचे रिपोर्ट पोटात घेऊन बसलेलं.

"पाट ठेवायची जागा दाखव." एक ठोका. उत्तर आलं, अशी जागाच नाही. मंगेशच्या साफसफाईत, त्या नव्या अपडेटने ती अख्खी जागाच झाडून टाकली होती. आम्ही ती बाहेरून पुन्हा बांधली, पाट मांडले, आणि आत शिरून पाहिलं. पुन्हा तीच ओळ, टर्मिनल उघडता येत नाही. मॅनेजर फोनवर तसाच होता. "अहो, हॉस्पिटलातून दुसऱ्या लाइनवर बोलतायत. बाईंना परत खोलीत नेऊ का म्हणून विचारतायत. काय सांगू त्यांना?"

"माझ्या जबाबदारीवर रीस्टार्ट करा," साहेब म्हणाले.

आत्याने वर छताकडे बघितलं. "पाट मांडले," ती स्वतःशीच म्हणाली. "पण पाट काढून देणारो खंय गेलो?"

तीच गोम होती. पाट मागायला ज्या फाइलकडे जायचं, ती फाइलही झाडली गेली होती. ती साधी फाइल नसते, कॅरॅक्टर डिव्हाइस असते; ती बनवताना दोन आकडे अचूक द्यावे लागतात. मी घाईत वाचलं, "पाच, तीन." दोन ठोके, पडद्याकडे न बघता. "पाच, दोन." एक ठोका.

खोली उघडली. फोनवर मॅनेजर लॅबमधल्या कोणाला तरी ओरडून म्हणाला, "गेली आत, गेली आत, आधी तो रिपोर्ट पाठव." साहेबांनी एक पेढा तोंडात टाकला आणि तो चावायचाच विसरले. आत्याने कोणाला काही ऐकवलं नाही. मंगेशला फक्त म्हणाली, "जा, खाली जाऊन ये. नक्की काय केलंस ते ठरव." तो निमूट गेला. संध्याकाळी लॅबने सगळे रिपोर्ट डिस्कवर लिहिले, तेव्हा तिनेच त्याला बोलावून रीस्टार्ट वाचायला लावलं आणि एक ठोका मारला. "आता घर रिकामा आसा," ती म्हणाली. "आता कर काय ता."

पुढे मी ती नोकरी सोडली, आत्या निवृत्त झाली, लालबागच्या खोलीत एकटी राहायची. अधूनमधून जाऊन यायचे. गेल्या महिन्यापर्यंत जिना चढताना माझ्या पुढे असायची.

आणि आता ती परळच्या त्या कॉटवर होती, आणि भाचा तिच्या कानाशी वाकून एका दमात विचारत होता, "आत्या, ओळखलंस का? कोण आलंय बघ. मी कोण? बोल ना. बरं, हात हलव. ऐकू येतंय का तुला?" उत्तराला तो जागाच ठेवत नव्हता. मला त्याचा राग आला नाही. माणूस घाबरला की असंच करतो. दार धडधडा वाजवत सुटतो.

"थोडं मी बोलू?" मी विचारलं.

तो बाजूला झाला. मी तिचा डावा हात उचलला आणि कॉटच्या लोखंडी दांड्यावर ठेवला. हात थंडगार होता. आंगठी नर्सने काढून ठेवली होती, पण बोटावर तिची खूण होती. काय बोलायचं ते मला सुचेना. नाव विचारायचं नव्हतं, ओळख विचारायची नव्हती. तिच्याकडून शब्द मागायचे नव्हते, कारण शब्द द्यायला तिच्याजवळ पाटच नव्हता.

"आत्या," मी म्हटलं, "वाचते हं. कॅरॅक्टर डिव्हाइस. पाच, दोन."

आणि थांबले. वॉर्डात कुठला तरी पंखा करकरत होता. भाचा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही माझंही डोकं फिरलंय. मी दुसरं काही बोलले नाही. उशीर लागला तरी थांब.

बोट उचललं गेलं आणि दांड्यावर पडलं. एकदा.

"तिचा हात उडतो तसा," भाचा हळूच म्हणाला. "दिवसभर उडतो. डॉक्टरांना दाखवलं मी. त्यात काही अर्थ नाही, ते म्हणाले."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. एक ठोका कोणाचाही पडतो. याच्यापुढे एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती फुकट गेली तर उद्या गाडी निघणार होती. मला विचारायची भीती वाटली, हे मी कबूल करते. न विचारता घरी गेले असते, तर निदान ती आत आहे असं म्हणत तरी राहता आलं असतं.

मी सरळ बसले. तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत, जसं पडद्यावरून वाचायचे तसं मोठ्याने वाचलं.

"कंटेनर रीस्टार्ट करतेय."

काही नाही. पंखा फिरत राहिला. नर्स दाराशी येऊन वेळ संपल्याचं सांगून गेली. भाच्याने खुर्चीवरची पिशवी उचलली. मी जागची हलले नाही.

मग दांड्यावर ठोका पडला. जरा दम घेऊन, जास्त जोराने, दुसरा.

भाच्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तिचे डोळे अजून छताकडेच होते, पण कपाळाला ती जुनी आठी पडली होती, कोणी मूर्खपणा केला की पडायची ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

"काय झालं?" तो म्हणाला. "काय म्हणाली ती?"

"थांब म्हणाली," मी सांगितलं.